श्रीलंकेत मलेरिया संपल्यावर सापडलेला एक रुग्ण

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, रोजचं काम म्हंजे रक्ताच्या काचा रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. हिवतापाचे पेशंट कमी झाले की दरवेळी कुणीतरी विचारतंच, अहो आता पॉझिटिव्ह निघतच नाही तर एवढ्या काचा कशाला घेता. हा प्रश्न मला मनापासून लागतो. त्याचं उत्तर श्रीलंकेत दोन वेळा मिळालेलं आहे, एकदा साठच्या दशकात लाखो लोक आजारी पडून आणि एकदा फक्त एका माणसाला ताप येऊन. ही दुसरी वेळ इथं सविस्तर मांडतोय, पण पहिली सांगितल्याशिवाय ती कळणार नाही म्हणून आधी थोडं मागं जातो. रुग्णांची नावं, वय, गाव, जिल्हा यातलं काहीच देत नाही, त्याची गरजही नाही.

पार्श्वभूमी

आपल्या डोक्यात बसलेलं असतं की पाऊस जास्त झाला की डास वाढतात आणि हिवताप वाढतो. श्रीलंकेत १९३४ साली उलट झालं. नैऋत्य मान्सूनचा पाऊस आलाच नाही, एरवी भरून वाहणाऱ्या नद्या आटल्या आणि वाळूत जागोजाग स्वच्छ, साचलेल्या पाण्याची डबकी राहिली. तिकडचा हिवतापाचा मुख्य डास, अॅनाफेलिस क्युलिसिफेसिस, त्याला नेमकं असंच पाणी लागतं. नदी वाहती असली की अळ्या वाहून जातात, नदी आटली की तीच नदी डासांचं आगार. ज्या ओल्या पट्ट्यात लोकांना हिवतापाची फारशी सवय नव्हती, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती नव्हती, तिथंच साथ पेटली आणि १९३५ पर्यंत साधारण ८० हजार माणसं गेली. एवढ्याशा बेटावर ८० हजार.

मग १९४५-४६ च्या सुमारास डीडीटी आलं, घराघरात भिंतींवर फवारणी सुरू झाली आणि आकडे धाडधाड खाली आले. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभर मलेरिया निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात श्रीलंका अगदी पुढच्या रांगेत. १९६३ साली अख्ख्या देशात किती रुग्ण सापडले? १७. लाखांतून सतरावर.

आणि इथंच तो निर्णय झाला. त्या कार्यक्रमाचे टप्पे ठरलेले होते, आधी तयारी, मग हल्ला, मग सांभाळ. आकडे एवढे खाली आल्यावर कागदाप्रमाणे हल्ल्याचा टप्पा संपला, म्हणून फवारणी काढून घेतली. फवारणी बंद केली हे एकवेळ मी समजू शकतो, कायमची कोणीच करू शकत नाही. पण त्याच्याबरोबर तापाच्या माणसाला शोधून त्याचं रक्त तपासायचं काम जितकं कडक व्हायला पाहिजे होतं तितकं झालं नाही, ढिलं पडत गेलं. त्यात पाऊस कमी झाला, रत्नांच्या खाणींसाठी आणि जंगल साफ करून शेती करायला माणसं आत आत जात राहिली, खाणीच्या सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं. १९६७ पासून आकडे वर चढले आणि १९६९ मध्ये एका वर्षात पाच लाखांच्या वर रुग्ण झाले. सहा वर्षांत सतराचे पाच लाख.

बरेच जण सांगतात की पर्यावरणवाल्यांनी डीडीटीवर बंदी आणली म्हणून श्रीलंकेत मलेरिया परत आला. तसं नाहीये. फवारणी थांबली ती कार्यक्रमाच्या नियमानं, रुग्ण संपत आले म्हणून. साथ आल्यावर डीडीटी परत मारलं पण तोवर डास त्याला दाद देईनासे झाले होते, म्हणून सत्तरच्या दशकात मॅलेथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकावर जावं लागलं. आपणही तिकडं बोट दाखवून मोकळं होऊ नये, भारतात १९६५ च्या सुमारास वर्षाला साधारण एक लाखापर्यंत आलेले रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांच्या पुढं गेले होते. आलेख अगदी सारखाच, फक्त लोकसंख्या मोठी.

त्यानंतर श्रीलंकेनं पुढची चाळीसेक वर्षं त्या एका निर्णयाची किंमत मोजली. १९९९ मध्येसुद्धा तिथं अडीच लाखांच्या वर रुग्ण होते, वर यादवी युद्ध चालू. तरी युद्धाच्या भागातही फवारणी आणि मच्छरदाण्या पोचत राहिल्या, दोन्ही बाजूंनी आरोग्याच्या माणसांना काम करू दिलं, हे मला फार मोठं वाटतं. फिरते मलेरिया दवाखाने गावोगाव गेले, ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचे पैसे आले, औषध भारलेल्या मच्छरदाण्या आल्या, फॅल्सिपेरम या जास्त घातक जातीच्या हिवतापासाठी आर्टेमिसिनिन आणि सोबत दुसरं औषध अशी जोडगोळी आली. शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये. सलग तीन वर्षं देशात एकही स्थानिक लागण नाही हे दाखवावं लागतं, ते दाखवून सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्या या आग्नेय आशिया विभागात मालदीवनंतर दुसरा देश.

प्रमाणपत्र मिळालं त्याच वर्षाच्या शेवटी उत्तरेला मन्नारच्या बाजूला एक नवीन डास सापडला, अॅनाफेलिस स्टिफेन्सी. मुंबईकरांना हा चांगला माहितीय, गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढणारा तो हाच. म्हंजे पूर्वी गावाबाहेरच्या नदीत असलेला धोका आता शहराच्या विहिरीत नि टाकीत येऊन बसायला तयार. देश मलेरियामुक्त, डास मात्र होते तिथंच, वर एक जास्तीचा.

काय घडलं

२०१८. परदेशातून मजुरीला आलेल्या एका माणसाला ताप आला, रक्त तपासलं, व्हायव्हॅक्स निघाला, म्हंजे हिवतापाच्या परजीवीची दुसरी एक जात. यात तसं नवल काही नव्हतं. श्रीलंकेत दरवर्षी पन्नासच्या आसपास असे बाहेरून आलेले रुग्ण सापडतातच, कोणी आफ्रिकेतून परतलेलं, कोणी भारतातून, कोणी शांतिसेनेतून. त्यांची पद्धत बसलेली आहे, औषध द्यायचं, चौकशी करायची, राहत्या जागेभोवती डास बघायचे, नोंद करायची.

नवल पुढं आहे. त्यानंतर श्रीलंकेच्याच एका नागरिकाच्या रक्तात व्हायव्हॅक्स सापडला. आणि चौकशीत कळलं की हा माणूस त्या परदेशी मजुराच्या राहत्या जागी जाऊन आलेला होता.

इथं जरा काचेखाली काय दिसतं ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. बोटातून दोन थेंब घेतात, एक जाड पसरवायचा, एक पातळ. जाड थेंबात परजीवी आहे का हे लवकर कळतं, पातळ थेंबात कुठला आहे ते कळतं. व्हायव्हॅक्स असला की लागण झालेली तांबडी पेशी शेजारणीपेक्षा फुगलेली दिसते, स्टेन नीट बसला असेल तर आत बारीक गुलाबी ठिपके, आणि परजीवी वेडावाकडा पसरलेला, जणू शाईचा डाग पडलाय. पण मला बघताना धाकधूक होते ती दुसऱ्या गोष्टीची, एक मोठा गोल परजीवी, जवळजवळ पूर्ण पेशी भरून बसलेला. तो गॅमेटोसाइट. तो माणसाला आजारी पाडत नाही, तो डासासाठी असतो. डास चावला की हाच त्याच्या पोटात जातो आणि पुढचं चक्र सुरू. फॅल्सिपेरममध्ये हे गॅमेटोसाइट ताप आल्यानंतर आठवडा दीड आठवड्यानं दिसायला लागतात, तेवढी सवड असते. व्हायव्हॅक्समध्ये सवडच नाही, ताप यायच्या सुमाराला किंवा त्याच्याही आधी ते रक्तात फिरत असतात. म्हंजे माणूस दवाखान्यात येऊन बाकावर बसेपर्यंत डासानं त्याच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालेलं असू शकतं.

नेमकी अडचण

दुसऱ्या माणसाला मलेरिया झाला कुठून, हा प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो पण एका मलेरियामुक्त देशात याच्या उत्तरावर सगळं फिरतं.

एक शक्यता, तो स्वतः कधी बाहेरच्या देशात गेला असेल आणि तिथून घेऊन आला असेल. दुसरी, जुना व्हायव्हॅक्स परत उठला असेल, कारण हा परजीवी लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा जागा होतो. तिसरी, कुणाचं रक्त चढवलं असेल. चौथी, आणि हीच नको असलेली, की त्या मजुराला चावलेल्या इथल्याच डासानं याला चावून लागण केली, म्हणजे सहा वर्षांनी देशात पहिल्यांदा मलेरिया डासातून एका माणसाकडून दुसऱ्याकडं गेला.

दिवसांचा हिशोब करावा लागतो. डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला गरम हवेत दहाएक दिवस, मग चावल्यावर माणसाला ताप यायला साधारण दोन आठवडे. म्हणजे पहिल्याच्या आजारपणात आणि दुसऱ्याच्या तापात तीन-चार आठवड्यांचं अंतर पडणं स्वाभाविक. म्हणून चौकशी करणाऱ्याला आजची तारीख नाही, महिन्याभरापूर्वीची संध्याकाळ विचारावी लागते, कोणाकडं गेला होता, किती वेळ होता, रात्री थांबला होता का. ताप आलेल्या माणसाला महिन्यापूर्वीचं आठवत नाही, मी रोज अनुभवतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, आणि जगात खूप ठिकाणी हाच निवडला जातो. पेशंटला औषध द्यायचं, कागदावर बाहेरून आलेला रुग्ण असं लिहायचं आणि गप्प बसायचं. प्रमाणपत्र मिळून दोनच वर्षं झालेली, देशाची जगभर वाहवा झालेली, अशा वेळी खालपासून वरपर्यंत सगळ्यांना वाटू शकतं की कशाला स्थानिक लागण लिहा. मला वाटतं इथं जागतिक आरोग्य संघटनेचा नियम शहाणपणाचा आहे. बाहेरून आलेल्या रुग्णापासून झालेल्या पहिल्या पिढीच्या लागणीला वेगळा वर्ग आहे, तिला स्थानिक म्हणत नाहीत, स्थानिक म्हणजे त्याच्याही पुढची पिढी. आणि मलेरिया देशात परत रुजला असं मानायला एकाच ठिकाणी, परजीवीच्या एकाच जातीचे, वर्षाला तीन किंवा जास्त स्थानिक रुग्ण सलग तीन वर्षं लागतात. म्हणजे एक केस खरी लिहिली म्हणून प्रमाणपत्र जात नाही. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळं खरं लिहिलं जातं. आपल्याकडं एखाद्या उपकेंद्रात रुग्ण वाढले की आधी तिथल्या कर्मचाऱ्याला नोटीस काढतात, त्यानं पुढच्या वर्षी काचाच कमी घेतल्या तर दोष कुणाचा?

दुसरा पर्याय, सगळ्या भागाला सरसकट औषध. पण व्हायव्हॅक्सचा समूळ उपचार म्हंजे प्रायमाक्विन, तेही १४ दिवस, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. एका रुग्णासाठी शेकडो धडधाकट माणसांना ते देणं धोक्याचं.

तिसरा, धुराची गाडी फिरवायची. लोकांना ती दिसते, समाधान होतं. पण धूर तासाभरात विरतो, घरात भिंतीवर बसलेल्या डासाला त्याचं फारसं काही होत नाही.

चौथा पर्याय कष्टाचा. त्या एका जागेभोवतीची माणसं शोधून रक्त तपासायचं, तिथले डास पकडून ते कुठले आहेत बघायचं, अळ्या कुठल्या पाण्यात आहेत ते शोधायचं, तेवढ्याच भागात औषध मारायचं आणि हे काही आठवडे सोडायचं नाही. खर्च फार नाही, पण त्यासाठी शिकलेली माणसं हाताशी लागतात. एंटोमॉलॉजीचा, म्हंजे कीटकशास्त्राचा माणूस, जो अळी पाण्यात आडवी तरंगते म्हणून अॅनाफेलिस आहे हे बघताक्षणी सांगेल, तो ऐनवेळी कुठून आणणार? तो आधीपासून पगारावर असावा लागतो, काही घडत नसतानाही.

काय केलं

श्रीलंकेनं चौथा पर्याय घेतला, कारण तिथं ती माणसं होती. तिकडची अँटी मलेरिया कॅम्पेन ही संस्था १९११ पासून आहे आणि मलेरिया संपल्यावर ती मोडीत काढली नाही, हाच खरा निर्णय, आणि तो २०१८ च्या आधीच झालेला होता.

दोन्ही रुग्णांचं निदान मायक्रोस्कोप आणि रॅपिड टेस्ट दोन्हीनं झालं, उपचार देशाच्या ठरलेल्या पद्धतीनं. तिकडं व्हायव्हॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन आहे, आपल्यासारखंच. गोळ्या लिहून देणं हा त्यातला सोपा भाग. चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि पेशंट म्हणतो बरं वाटतंय, प्रायमाक्विनच्या उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात, आणि तीन महिन्यांनी तोच माणूस थंडी वाजून परत येतो. मी हे इतक्यांदा बघितलंय की १४ व्या दिवसापर्यंत पाठपुरावा करणारं कोणी आहे का, यावरून मी कुठल्याही हिवताप कार्यक्रमाची किंमत करतो.

पथकं जागेवर गेली. पहिल्या रुग्णाच्या राहत्या जागेभोवती अळ्यांची आणि मोठ्या डासांची दोन्हींची पाहणी केली, लागण जिथं झाली तिथंच डासांचा बंदोबस्त केला, आणखी कुणाला लागण झालीय का यावर पाळत ठेवली. त्याच्या जोडीला घटनांची सांगड, कोण कधी कुठं होतं.

आणि एक गोष्ट केली जी दहा-वीस वर्षांपूर्वी शक्य नव्हती. दोघांच्या रक्तातल्या परजीवीच्या जनुकांचे वेगवेगळे भाग वाचून ताडून बघितले. नुसत्या तोंडी चौकशीवर थांबले असते तर वाद राहिला असता, हा कदाचित बाहेरून घेऊन आला असेल, तो कदाचित योगायोग असेल.

निकाल

दोन्ही परजीवी जनुकीयदृष्ट्या एकच निघाले. म्हणजे चौथी शक्यता खरी, मजुराकडून डास, डासाकडून गावचा माणूस. मलेरिया संपल्यानंतर श्रीलंकेतली अशी पहिली केस म्हणून तिची नोंद झाली आणि २०१९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात सगळं उघडपणे छापलं. त्या दोघांपासून पुढं तिसऱ्याला लागण झाली नाही. प्रमाणपत्र कायम राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

दुसऱ्या रुग्णानंतर जे केलं त्यात मला बोट ठेवायला जागा दिसत नाही. जागा आहे ती त्याच्या आधी.

वर सांगितलं तसं व्हायव्हॅक्समध्ये पहिल्या रुग्णाचं निदान झालं तोवर उशीर झालेला असू शकतो. मग आणखी लवकर पकडायचा तर एकच रस्ता, माणूस मलेरियाच्या देशातून कामाला येतोय हे कळल्यावर ताप यायची वाट न बघता त्याच्याशी संपर्क ठेवायचा. म्हंजे ज्या ठेकेदारानं मजूर आणले त्याच्याकडून यादी घ्यायची, राहायच्या जागी मच्छरदाण्या द्यायच्या, आणि मजुराला त्याच्या भाषेत सांगायचं की ताप आला तर लगेच ये, पैसे लागणार नाहीत, कामावरून काढणार नाहीत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रोजंदारीवरचा माणूस ताप अंगावर काढतो तो मजुरी बुडते म्हणून, आणि त्या दोन-तीन दिवसांत डास आपलं काम करतो. मात्र यात एक धोकाही आहे. परदेशी मजूर म्हणजे रोगराई असं गावाच्या डोक्यात एकदा बसलं की तो माणूस लपतो, आणि लपलेला रुग्ण कुठल्याच काचेवर येत नाही. त्यामुळं सक्तीची तपासणी मला पटत नाही, ओळखीचा आरोग्यसेवक जास्त पटतो.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. २०१७ मध्ये श्रीलंकेत डेंग्यूचे १ लाख ८६ हजार रुग्ण झाले. ज्या डॉक्टरनं शिक्षण संपल्यापासून एकही मलेरिया बघितला नाही, त्याच्यापुढं ताप आणि प्लेटलेट कमी असलेला पेशंट आला तर तो डेंग्यूच म्हणणार, मलेरियातही प्लेटलेट पडतात हे त्याला आठवायला कोणीतरी आठवण द्यावी लागते. तिकडं यासाठी चोवीस तासांचा फोन आहे आणि डॉक्टरांना सारखं सांगतात की प्रवास विचारा. आपल्याकडंही शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि गडचिरोलीहून किंवा ओडिशाहून आलेल्या माणसाचे तीन दिवस दुसऱ्याच तपासण्यांत जातात.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि ही एकट्या श्रीलंकेच्या हातातली नाही. बाहेरचा निधी रुग्णसंख्येच्या मागं जातो. रुग्ण लाखात असले की पैसे येतात, शून्य झाले की आटतात, मग डास ओळखणाऱ्या माणसाचा पगार देशानं स्वतःच्या खिशातून द्यायचा. श्रीलंकेनं दिला. प्रत्येक गरीब देशाला जमेलच असं नाही, त्यामुळं शून्यावर आलेल्या देशांना निदान दहा वर्षं तरी नजर ठेवायच्या कामापुरता निधी चालू राहावा असं माझं ठाम मत आहे. १९६३ च्या सतरानंतर तेवढं झालं असतं तर १९६९ कदाचित वेगळं गेलं असतं.

आणि चौथी आपल्याशी संबंधित. ज्यांनी ही केस छापली त्यांनीच लिहिलंय की सगळा विभाग मलेरियामुक्त होईपर्यंत ही पाळत सोडता येणार नाही. मालदीव झालं, श्रीलंका झाली, २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते झालं. विभागातला सगळ्यात मोठा देश आपण, आपलं लक्ष्य २०३० आहे आणि आपल्याकडं अजून जंगलपट्ट्यात पावसाळा लागला की काचा पॉझिटिव्ह यायला लागतात.

आमच्या दवाखान्याच्या हद्दीत दर वर्षी कामाच्या हंगामात बाहेरच्या मजुरांच्या टोळ्या उतरतात, पालं पडतात. हे सगळं वाचल्यापासून मी माझ्या रजिस्टरमध्ये हातानं एक रकाना आखलाय, गेल्या महिन्याभरात मुक्काम कुठं होता. आणि मुकादमाचा नंबर आशाताईंकडं देऊन ठेवलाय, म्हंजे टोळी आली की त्याचा फोन आधी त्यांना येईल आणि पहिल्याच आठवड्यात पालावर जाऊन काचा घेता येतील.